दुधीची फळं गळण्याबद्दल

स्पर्धेसाठी लावलेल्या दुधीला बोटभर फळं धरतात आणि पिवळी पडून गळतात, अशी दोघांची तक्रार आहे. त्यावर खत वाढवू नका; खतातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की नुसता पाला माजतो. बहुतेकदा परागीभवनच झालेलं नसतं, म्हणजे नर फुलातले परागकण मादी फुलापर्यंत पोचलेलेच नसतात. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा मधमाश्या फिरकत नाहीत. म्हणून ते काम संध्याकाळी आपणच करायचं: लांब देठाचं नर फूल तोडा, पाकळ्या मागे वळवा, पिवळी भुकटी (पराग) बोटाला लागतेय ना बघा आणि ते नर फूल मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. मादी फुलामागे इवलासा लवदार दुधी असतोच, ओळखायला सोपं. लाल भोपळ्याला हेच सकाळी ९च्या आत. सुरुवातीला बरेच दिवस नर फुलंच येतात, तेव्हा वेलीला दोष देऊ नका. आणि हो, एका कुंडीत एकच वेल.