न्यू जर्सी : आईसाठी मेडिकेड करायचंय, पुण्यातला फ्लॅट आडवा येतोय. मदत हवी आहे

तगरीची_फुलं

नमस्कार. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आई ७८ वर्षांची. २००३ साली बाबा गेल्यावर तिला इथे आणलं. एका देशी किराणा दुकानात तिने बारा वर्षं कॅशवर काम केलं, त्यामुळे मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) आहे आणि सोशल सिक्युरिटीचे थोडे पैसेही येतात. सिटिझन आहे. सहा आठवड्यांपूर्वी बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, तिथून रिहॅबला. आज तिथला ३४ वा दिवस. आता ते म्हणतात, प्रगती थांबली, मेडिकेअर पुढच्या आठवड्यात बंद. त्यानंतर तिथेच ठेवायचं तर महिना साडेबारा हजार डॉलर. तोवर माझा समज असा की मेडिकेअर म्हणजे म्हातारपणाची सगळी सोय. कुणी सांगितलंच नाही की १०० दिवसांच्या पुढे काहीच नाही, आणि नुसतं उठवणं-बसवणं-अंघोळ एवढ्यासाठी तर एक दिवसही नाही.

म्हणून मेडिकेड, म्हणजे हाताशी पैसे नसलेल्यांसाठीची सरकारी योजना. सोशल वर्करने फॉर्म हातात दिला. आईच्या नावावरच्या पैशांची मर्यादा २,००० डॉलरची. आईच्या खात्यात इथे ३१ हजार, पुण्यात दादाबरोबर जॉइंट एफडी १२ लाखांची. ते एक वेळ खर्चात दाखवता येईल. खरी अडचण फ्लॅटची. मार्च २०२३ मध्ये आम्ही पुण्याला गेलो तेव्हा सिंहगड रोडचा फ्लॅट दादाच्या नावावर करून दिला. दोनशेच्या स्टॅम्पवर बक्षीसपत्र, रजिस्ट्रार ऑफिसात तासाभरात काम. आज किंमत ७५ लाखांच्या आसपास. आता कळतंय की मागच्या ६० महिन्यांत दिलेली कुठलीही भेट हे लोक हिशोबात धरतात.

एका वकिलाने साडेसात हजार डॉलर सांगितले. नवऱ्याच्या मित्राचं म्हणणं, 'इंडियातलं त्यांना काय कळतंय, लिहूच नका.' दुसरा एक 'मेडिकेड सल्लागार' (वकील नाही) दोन हजारांत करून देतो म्हणतो. काय करू? आईला अधूनमधून विसरायला होतं, पण समोर बसून बोललं की सगळं समजतं. परवा सूपमध्ये चिकन निघालं तर ताट परत पाठवून दिलं तिने.

फायलीतला_माणूस

ताई, वकील नाही मी, पण वडिलांच्या वेळी दीड वर्ष यातच गेलं. सुचेल तसं लिहितो.

पहिलं मेडिकेअरचं. बंद करण्याआधी लेखी नोटीस द्यावीच लागते. त्यावर अपिलाचा नंबर असतो, शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी बारापर्यंत फोन करा. 'प्रगती थांबली' हे एकटं कारण चालत नाही. २०१३ च्या जिम्मो खटल्यातल्या तडजोडीनंतर स्पष्ट झालंय की आहे ती अवस्था टिकवायला कुशल थेरपी किंवा नर्सिंग लागत असेल तरीही मेडिकेअर द्यावं लागतं. २१ व्या दिवसापासून रोजचे २०९.५० डॉलर (२०२५ चा दर) द्यावे लागतीलच, पण साडेबारा हजारांपेक्षा बरे.

लपवायचं मनातही आणू नका. अर्जावर सही करून खोटं लिहिलं तर फसवणूक होते. पाच वर्षांची स्टेटमेंटं मागतात, पुण्याचं पासबुकही. आणि बाहेरची खाती मिळून दहा हजार डॉलरच्या वर असतील तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती सरकारला देण्याचा फॉर्म) भरायचा असतो. जॉइंट एफडी त्यात येते, विचारून घ्या.

भेटीचं असं. दिलेली रक्कम भागिले राज्याने ठरवलेला नर्सिंग होमचा सरासरी रोजचा खर्च, येतील तितके दिवस मेडिकेड पैसे देत नाही. दिवसाला चारशे धरा (खरा आकडा वकील सांगेल), तर ७५ लाख म्हणजे सात महिने. घातक भाग पुढे आहे. हे दिवस २०२३ पासून मोजत नाहीत. आईकडचे पैसे संपून, बाकी सगळ्या बाबतीत ती पात्र ठरून अर्ज केला की तिथून सुरू. म्हणजे हात रिकामे झाल्यावर सात महिने. ते कोण भरणार, हे आधी ठरवा.

शेंगदाणा

थांबा. बाबा २००३ मध्ये गेले, मग फ्लॅट मुळात कुणाच्या नावावर होता? बाबांच्या असेल आणि मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने आई, दादा आणि तुम्ही, तिघांचे समान हिस्से. सोसायटीत आई नॉमिनी असली तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. कागदावर 'बक्षीसपत्र' आहे की 'हक्कसोडपत्र' (वारसाने फक्त आपला हिस्सा सोडणं), नीट बघा. २०२३ मध्ये दोन्ही दोनशेच्या स्टॅम्पवर व्हायची म्हणून लोक गल्लत करतात.

एडिसनची_आत्या

दोन हजारवाल्याच्या नादी लागू नकोस. न्यू जर्सीत २०१६ पासून स्पष्ट आहे, वकील नसलेल्याने मेडिकेडसाठी कायद्याचा सल्ला देणं बेकायदा. अर्ज भरून देणं वेगळं. काउंटीच्या एरिया एजन्सी ऑन एजिंगला (ज्येष्ठांसाठीचं सरकारी ऑफिस) फोन कर, फुकट बोलतात. लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सीलाही विचार, ते कमी उत्पन्नवाल्यांना फुकट कायदेशीर मदत देतात, उत्पन्न आईचं बघतील की तुझं, ते तेच सांगतील. वकीलच घेतलास तर फी आईच्या पैशातूनच दे, ती भेट धरत नाहीत, आणि तेवढे ३१ हजारांतून कमी होतात. अंत्यविधीचे पैसे आधी भरून ठेवणंही चालतं. वाईट वाटतं बोलायला, पण आम्ही केलं.

आणि सगळ्यात आधी पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी. आज आईला समजतंय तोवर. नंतर कोर्टात जाऊन पालकत्व घ्यावं लागलं तर वेळही जाईल आणि पैसाही. रिहॅबमध्ये भरती होताना तुझी सही घेतली असेल तर तो कागद शोध. घरच्यांनी स्वतःच्या पैशाची हमी द्यावी अशी अट त्यांना घालता येत नाही.

तगरीची_फुलं

सगळ्यांचे आभार, विशेषतः शेंगदाणा. रात्री अडीच वाजता दादाला फोन केला, तिकडे दुपार होती. कागद हक्कसोडपत्रच आहे. फ्लॅट बाबांच्या नावावर, मृत्युपत्र नाही, सही आईची आणि माझी. म्हणजे माझी सही मला आठवतच नव्हती! आईचा हिस्सा फक्त तिसरा, २५ लाख, सात महिन्यांऐवजी अडीच. दादा म्हणाला, तेवढे महिने मी पैसे पाठवतो, काळजी करू नकोस. थोडं रडू आलं.

अपिलाचा फोन झाला. आईने पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर मराठीतच सही करायची म्हटलंय, वकिलाची हरकत नाही, फक्त दुभाष्या घरचा नको. घरी आणून मेडिकेडखाली मदतनीस मिळतो का, तेही त्याला विचारणार आहे. इथलं जेवण तिला जमत नाही.

इंडेक्स टूची (दस्त नोंदणीचा उतारा) प्रत दादाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, पण अर्धं पान कापलं गेलंय. पुन्हा मागवलीय.