खर्चाला सक्तीची मर्यादा? तिथे जमणार नाही

अमेरिकेतल्या राज्य विधिमंडळांच्या उमेदवारांना खर्चाची कमाल मर्यादा घाला, असं तुम्ही म्हणता; पण ती सक्तीने घालताच येत नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७६ च्या बकली विरुद्ध व्हॅलिओ निकालाने देणग्यांवरची मर्यादा मान्य केली, खर्चावरची मात्र रद्द केली. उरतो मेन या राज्यासारखा ऐच्छिक मार्ग: उमेदवाराने मतदारांकडून पाच-पाच डॉलर गोळा करून पाठिंबा सिद्ध करायचा, मग प्रचाराला सरकारी पैसा आणि खाजगी देणग्या जवळपास बंद. मला हा प्रकार आवडतो. गोची अशी, की प्रतिस्पर्ध्याने जास्त उधळले तर जादा निधी देण्याची ॲरिझोना राज्याची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये उडवली. आणि बाहेरच्या गटांचा, उमेदवाराशी संगनमत न करता केलेला 'स्वतंत्र' (म्हणे!) खर्च? कंपन्या-संघटनांना असा खर्च करायची मुभा देणाऱ्या २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतर त्याला लगाम घालणं आणखी अवघड झालं.