टेम्पुरा मऊ पडतो, आवरण सुटून येतं, काय चुकतंय?

माडाखालची

नमस्कार मंडळी. आमचं तारकर्लीजवळ छोटंसं होमस्टे आहे, स्वयंपाक मी आणि माझी जाऊ मिळून करतो. गेल्या महिन्यात पुण्याचं एक कुटुंब आलेलं, ते बरीच वर्षं जपानात राहून आलेत, त्यांची मुलगी इथली सुंगटं (कोळंबी) बघून म्हणाली काकू याचा टेम्पुरा किती छान होईल, तुम्हाला येतो का? मी म्हटलं करून बघते आणि व्हिडिओ बघून केला पण जमला नाही.

काय केलं ते सगळं सांगते. सुंगटं सोलून हळद, मीठ आणि थोडं आगळ (कोकमाचा खारा रस) लावून अर्धा तास ठेवली, आपण तळायला ठेवतो तशीच. मैदा, अंडं, पाणी आणि चिमूटभर सोडा घालून पीठ एकदम गुळगुळीत फेटलं आणि तेही झाकून ठेवलं. तळून झाल्यावर गरम राहावं म्हणून डब्यात घालून झाकण लावलं. जेवायला बसेपर्यंत आवरण चिवट आणि तेलकट, काही सुंगटं आवरणातून सुटून बाहेर आली आणि सगळी वळून गोल झालेली. मुलीने मुकाट्याने खाल्लं, मला फार वाईट वाटलं.

तेच लोक डिसेंबरात परत येतायत आणि मला तिला नीट करून घालायचंय. टेम्पुरा म्हणजे नक्की काय असतं, मैद्याची भजीच ना? की काही वेगळं? ज्यांना येतं त्यांनी सविस्तर सांगा प्लीज.

बोटीवरचा_आचारी

ताई, मी रत्नागिरीचा, बोटीवर गॅलीत म्हणजे तिथल्या स्वयंपाकघरात बरीच वर्षं काढली, योकोहामा आणि कोबेला बोट लागली की टेम्पुऱ्याच्या छोट्या दुकानात काउंटरला बसून आचाऱ्याचे हात बघत राहायचो. तुम्ही जे जे केलंत ते भज्यासाठी बरोबर आहे, टेम्पुऱ्यासाठी नेमकं उलटं लागतं.

भजीत चव पिठाला असते, मीठ तिखट ओवा सगळं पिठात. टेम्पुऱ्याच्या पिठात मीठसुद्धा नसतं. चव आतल्या मासळीची आणि वरून बुडवायच्या पाण्याची. आवरण इतकं पातळ हवं की खालून कोळंबीचा रंग दिसला पाहिजे. त्या आवरणाच्या आत कोळंबी स्वतःच्याच ओलाव्यात वाफेवर शिजते, म्हणून ताजी मासळी लागते आणि ती तुमच्या दारात आहे.

आता पीठ. बेसनात ग्लुटेन नसतं, कितीही फेटा, उलट हलकं होतं. मैद्यात असतं. पाणी पडलं आणि घोटलं की कणकेसारखे धागे धरतात, तेच तुमचं चिवट आवरण. म्हणून पाणी बर्फाचं, कारण थंडीत ते धागे हळू धरतात, आणि ढवळायचं जवळजवळ नाहीच. एक अंडं मापाच्या वाटीत फोडा, वर बर्फाचं पाणी ओतून २०० मिली करा, नीट मिसळा. त्यात चाळलेला मैदा एक वाटी, साधारण १०० ते १२० ग्रॅम, एकदम टाकायचा आणि दोन काड्यांनी किंवा काट्याने आठ-दहा वेळा नुसतं टोचल्यासारखं करायचं. गुठळ्या राहणार, कडेला कोरडा मैदा दिसणार, राहू दे, फेटायचा मोह आवरा. आपला मैदा जपानी पिठापेक्षा जरा चिवट, म्हणून मी चार भागात एक भाग तांदळाचं पीठ घालतो, फरक पडतो. भांडं बर्फाच्या परातीत ठेवा, आणि पीठ तेल तापल्यावरच कालवायचं, आधी अजिबात नाही.

कोळंबीला आगळ मीठ लावू नका, त्याने पाणी सुटतं आणि ओल्या अंगावर पीठ धरत नाही. सोला, शेपूट ठेवा, काळा धागा काढा. पोटाकडच्या बाजूने चार-पाच तिरपे चीर द्या, पार तोडू नका, मग पालथी ठेवून बोटांनी हळू दाबा, आतून पुटपुट असं जाणवतं, ती सरळ राहते, वळत नाही. शेपटीचं टोक तिरकं कापून सुरीने त्यातलं पाणी खरवडून काढा, नाहीतर तेलात फुटून अंगावर उडतं, माझ्या हातावर डाग आहेत अजून. मग कापडाने टिपून कोरड्या मैद्यात हलकी घोळवा, झटका, पिठात बुडवा आणि लगेच तेलात.

तेल १७० ते १८० डिग्री. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाका, अर्ध्यापर्यंत बुडून वर आला तर बरोबर. तळाला जाऊन सावकाश आला तर तेल थंड, बुडलाच नाही आणि वरच पसरला तर जास्त तापलं. एका वेळी कढईचा अर्धा भाग मोकळा राहील एवढीच टाका. दीड-दोन मिनिटं बस. रंग सोनेरी खमंग यायची वाट बघू नका, फिक्कटच असतो. निथळायला जाळीवर, डब्यात कधीच नाही, झाकलं की वाफ धरून दोन मिनिटात लोळागोळा. पाहुणे आधी बसवायचे, मग तळायचं आणि कढईतून थेट ताटात.

सुरणाचे_काप

शाकाहारी लोकांसाठीही लिहिते. तिथे रताळं, लाल भोपळा, वांगं, भेंडी, मश्रूम सगळ्याचा होतो. रताळ्याचे काप पाऊण सेंटीमीटर जाडीचे आणि तेल जरा मंद, १६० च्या आसपास, नाहीतर वरून होतं आणि आत कच्चं. आमच्या दारच्या नीरफणसाचे काप मी असे तळले, पोटभर खाल्ले सगळ्यांनी. जपानात शिसो नावाचं सुगंधी पान एकाच बाजूने पिठात बुडवून तळतात म्हणजे दुसऱ्या बाजूने हिरवं दिसतं, मी ते ओव्याच्या पानाचं केलं, फार सुंदर होतं. अंडं नको असेल तर गार सोडा वॉटर घाला, चालतं.

आणि काकिआगे करून बघा, गाजर कांद्याच्या बारीक सळया आणि करंदी (बारीक कोळंबी) एकत्र, अगदी थोड्या पिठात धरून चमच्याने सोडायचं. आपल्या खेकडा भजीच्या जवळचं पण फार हलकं.

कुंडलिकेकाठी

माडाखालची ताई, कृती वर आली आहेच, मी फक्त एक सांगतो कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. मी रेवदंड्याचा. आमचा कोट पोर्तुगीजांचा आणि खाडीपलीकडे कोर्लईत आजही पोर्तुगीजातून आलेली बोली घराघरात बोलतात. तेच पोर्तुगीज १५४३ ला जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले आणि ख्रिस्ती धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहूनच जपानला गेला. पुढे गोवा, मकाव, नागासाकी असा जहाजांचा रस्ताच पडला. पिठात बुडवून तळायची रीत जपान्यांनी त्यांच्याकडून घेतली असं मानतात. पोर्तुगालात आजही फरसबी पिठात बुडवून तळतात, त्या पदार्थाच्या नावाचा अर्थ बागेतले छोटे मासे. टेम्पुरा शब्दसुद्धा कोणी तेम्पोरा म्हणजे ख्रिस्ती उपासाचे दिवस, मांस नाही मासे भाजी चालते, त्यावरून आला म्हणतात तर कोणी मसाल्याच्या पोर्तुगीज शब्दावरून.

पण जपान्यांनी ते आपलं करून टाकलं, एदो म्हणजे आजच्या टोकियोत रस्त्यावरच्या गाड्यांवर खाडीतली ताजी मासळी काडीला टोचून तळून विकायचे. आपण बटाटा आणि पाव घेतला आणि वडापाव केला, त्यांनी टेम्पुरा केला. तारकर्लीत तुम्ही तो तळणार हे वाचून मला खरंच आनंद झाला.

माडाखालची

बापरे किती छान सांगितलंत सगळ्यांनी. आगळ लावायचं नाही हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. दादा, बुडवायचं पाणी कसं करायचं? आणि सुंगटांशिवाय इथली दुसरी कुठली मासळी चालेल?

बोटीवरचा_आचारी

त्याला तेंत्सुयू म्हणतात. चार भाग दाशी, एक भाग सोया सॉस, एक भाग मिरिन (स्वयंपाकाची गोड तांदळाची वाइन). दाशी म्हणजे समुद्री शेवाळ आणि सुकवलेल्या मासळीचं पाणी. तिथे घरोघरी सुक्या बारक्या मासळीचंही करतात, म्हणून मी आपली सुकी मांदेली वापरतो, खारवलेली नको, डोकं पोट काढून अर्धा तास गार पाण्यात भिजवायची, मंद उकळून दहा मिनिटात गाळायची. मिरिन नसेल तर थोडी साखर. सगळं एकदा उकळून कोमट द्या आणि बाजूला किसून पिळलेला पांढरा मुळा, तो त्यात कालवून खातात, तळणाचा जडपणा जातो.

मासळीचं म्हणाल तर मुडदुशी. जपानात किसू नावाचा मासा टेम्पुऱ्यासाठी फार मानाचा, तो आपल्या मुडदुशीचाच भाऊबंद आहे. पाठीकडून चिरून मधला काटा काढा, शेपूट ठेवून पुस्तकासारखी उघडा. माकूल (स्क्विड) पण चालतो पण त्यालाही आडवे उभे चीर द्या आणि पटकन काढा, नाहीतर रबर होतो.

माडाखालची

काल रात्री केलं! बर्फ आधीच करून ठेवलेला कारण आमच्याकडे लाईटीचा भरवसा नाही. जाऊ तळत होती आणि मी एकेक ताटात नेऊन देत होते. सुंगटं सरळ राहिली, आवरण कुरकुरीत आणि आतलं गोड गोड लागत होतं. पण घरात सगळ्यात आधी संपली ती मुडदुशी, सासरे म्हणाले उद्या परत कर. पहिल्या घाण्यातला एक रताळ्याचा काप कच्चा राहिला, तेल जास्त तापलं होतं बहुतेक. तेलात पिठाचे बारीक कण खूप तरंगत होते, ते काढायचे का?

बोटीवरचा_आचारी

हो, प्रत्येक घाण्यानंतर झाऱ्याने काढायचेच, नाहीतर जळून तेल कडू होतं. पण टाकू नका, त्याला तेनकासू म्हणतात, तिथे गरम नूडल्सवर भुरभुरतात. कोरड्या बरणीत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी गरम भात-आमटीवर घाला. रताळ्याला सुरुवातीला तेल मंद, भाज्या आधी तळायच्या, मासळी शेवटी.