हवामान बदल माणसामुळे की निसर्गचक्र? ठाणे-नवी मुंबईकरांनो, बोला

कोपरी_पूर्व (धागाकर्ता)
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की पृथ्वी कायम गरम-थंड होत आलीय, हिमयुगं आली-गेली तेव्हा कुठे गाड्या होत्या, एक ज्वालामुखी फुटला की माणसाच्या शंभर वर्षांच्या धुरापेक्षा जास्त कार्बन बाहेर पडतो, आणि हे सगळं आपली प्रगती रोखायला परदेशी लोकांनी काढलेलं खूळ आहे. खाली अंगठ्यांची रांग. चांगली शिकली-सवरलेली माणसं आहेत ही, म्हणूनच जास्त वाईट वाटलं. तिथे उत्तर दिलं तर ॲडमिन म्हणतो फक्त सोसायटीच्या विषयावर बोला, म्हणून इथे लिहितोय.

ज्वालामुखीचं आधी बघू. जगातले सगळे ज्वालामुखी, समुद्राखालचे धरून, वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणूस सोडतो त्याच्या एक टक्क्याहून कमी आहे. आपण कोळसा, तेल, गॅस जाळून वर्षाला ३७ अब्ज टनांच्या आसपास सोडतो. आणि १९९१ ला फिलिपिन्समध्ये पिनाटुबो फुटला तेव्हा त्याच्या गंधकाच्या धुक्यामुळे पृथ्वी वर्ष-दोन वर्षं साधारण अर्धा अंश थंड झाली होती, गरम नाही.

हवाई बेटावर मौना लोआला १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात. तेव्हा दहा लाख भागांत ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. कारखाने यायच्या आधी २८० होता. आता कोणी म्हणेल हा वाढलेला कार्बन आपलाच कशावरून, तर त्याची ओळख पटते. कोळसा आणि तेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे जीव, त्यांच्यात कार्बन-१४ (कार्बनचा काळाने संपत जाणारा प्रकार) उरलेलाच नसतो आणि कार्बन-१३ (थोडा जड प्रकार) कमी असतो. हवेतलं या दोन्हींचं प्रमाण नेमकं तसंच घसरलंय, आणि जळण्यात ऑक्सिजन खर्च होतो तो पण हवेत किंचित कमी होताना मोजलाय. समुद्रातून किंवा ज्वालामुखीतून कार्बन आला असता तर हे तिन्ही एकत्र जुळलं नसतं.

आणि सूर्य म्हणाल तर १९७८ पासून उपग्रह त्याची ऊर्जा मोजतायत, त्यात वाढ नाही. सूर्यामुळे तापलं असतं तर वातावरण खालपासून वरपर्यंत तापलं असतं. झालंय उलटं, खालचा थर तापतोय आणि वरचा स्ट्रॅटोस्फिअर थंड होतोय. कार्बन डायऑक्साइड वाढला तर असंच होईल हे हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मानाबेंनी १९६७ लाच गणितातून दाखवलं होतं, त्या कामासाठी २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी नेमकं काय पटत नाही ते सांगा.

मानपाडा_चितळसर
मी फॉरवर्ड करणाऱ्यांतला नाही पण तुमचंही मला पूर्ण पटत नाही. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा संध्याकाळी येऊरकडून गार वारा यायचा, फेब्रुवारीत पंखा बंद करून झोपायचो. आता टॉवरला टॉवर चिकटलेत, मेट्रोचे खांब, सगळं काँक्रीट, आणि समोरच्या बिल्डिंगच्या एसीची सगळी आउटडोअर युनिटं आमच्या बेडरूमकडे तोंड करून गरम हवा फेकतायत. रात्री अकराला पश्चिमेच्या भिंतीला हात लावला तर चटका नाही पण कोमट नक्की लागते, सकाळपर्यंत तशीच. हे अमेरिकेच्या धुराने केलं का? हे झाडं तोडणाऱ्यांनी आणि त्यांना परवानग्या देणाऱ्यांनी केलं. माझा राग यावर आहे की हल्ली पाणी तुंबलं तरी क्लायमेट चेंज, झाड पडलं तरी क्लायमेट चेंज, आणि मे महिन्यात नाले साफ झाले का हे विचारायचंच कोणी नाही. तुमच्या या विज्ञानाने नगरसेवकापासून बिल्डरपर्यंत सगळ्यांना निसटायला वाट करून दिलीय.

कोपरी_पूर्व
दादा, तुमच्या भिंतीचं निदान शंभर टक्के बरोबर आहे आणि नालेसफाईच्या रागात मी तुमच्यासोबत आहे. पण शहर तापतं त्याचा हिशोब शास्त्रज्ञ वेगळा करतात, तो जगाच्या आकड्यात मिसळून टाकत नाहीत. आणि समुद्राच्या मधोमध टॉवर नाहीत ना. तिथे आर्गो फ्लोट नावाची जवळपास ४,००० यंत्रं तरंगतायत, ते दोन किलोमीटर खोल जाऊन तापमान मोजून वर येतात. पृथ्वीवर साचणाऱ्या जास्तीच्या उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्रात गेलीय हे अशा मोजमापातूनच कळलंय. आपला अरबी समुद्र तापतोय, २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, पुढच्याच मे मध्ये तौक्ते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ ला दाखवलं की १९५० ते २०१५ मध्ये मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या आणि त्याचा ओलावा अरबी समुद्रातून येतोय. घोडबंदरच्या काँक्रीटने हे होत नाही.

ऐरोली_निवृत्त
मी इथल्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात केमिकल इंजिनियर म्हणून आयुष्य काढलं, त्यामुळे मला अडाणी समजू नये. माझे मुद्दे ऐका. अंटार्क्टिकाच्या बर्फाच्या नमुन्यांत आधी तापमान वाढतं आणि कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षांनी मागून येतो, मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता? दुसरं, हा वायू हवेत आहे ०.०४ टक्के, एवढ्याशा वायूने अख्खी पृथ्वी तापते हे मला आकड्यात पटत नाही, पाण्याची वाफ त्याहून कितीतरी जास्त उष्णता अडवते. तिसरं, १९७० च्या दशकात हीच मंडळी हिमयुग येणार म्हणत होती. आणि नोबेलच काढता तर २०२२ चे नोबेलवाले जॉन क्लाउझर उघड म्हणालेत की हवामान संकट वगैरे काही नाही. शंका घेणं हाच विज्ञानाचा धर्म आहे, इथे शंका घेतली की माणसाला लगेच फॉरवर्डवाला म्हणतात.

खारेगाव_मॅडम
काका, नमस्कार. मी ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते, तुमचे प्रश्न चांगले आहेत आणि त्या मेसेजपेक्षा खूप वरचे आहेत, पण उत्तरं आहेत त्यांची.

बर्फाचे नमुने: हिमयुग संपायला सुरुवात पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलाने होते, समुद्र थोडा तापतो, तापलेल्या समुद्रातून कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो आणि मग तो तापमान आणखी वर ढकलतो. म्हणजे तो परिणाम पण आहे आणि कारण पण आहे. आज क्रम उलटा आहे, आधी आपण तो हवेत सोडला. त्याच नमुन्यांत दिसतं की गेल्या ८ लाख वर्षांत तो कधी दहा लाखांत ३०० भागांच्या वर गेला नव्हता. आणि वेग बघा, मागचं हिमयुग संपताना पाच-सहा अंश वाढायला हजारो वर्षं लागली, आपण एक अंशाच्या वर दीडशे वर्षांत गेलो.

०.०४ टक्के: हवेतला ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजन, ते उष्णतेची किरणं अडवतच नाहीत, म्हणून उरलेल्या थोड्यातलं थोडं वाढलं तरी फरक पडतो. पातेलंभर दुधाला विरजण चमचाभरच लागतं. हे नवीन पण नाही. बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली १८५३ ला, त्यानंतर तीनच वर्षांनी अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी प्रयोग करून सांगितलं की हा वायू जास्त असेल तर हवा जास्त तापेल, १८५९ ला टिंडाल या शास्त्रज्ञाने ते नीट मोजलं. वाफेचं म्हणाल तर वाफ आठवडा-दीड आठवड्यात पाऊस होऊन पडते, हवा एक अंश तापली की साधारण ७ टक्के जास्त वाफ धरते. म्हणजे ती सुरुवात करत नाही, झालेली वाढ आणखी वाढवते.

सत्तरच्या दशकात थंडीबद्दल काही लेख आले होते हे खरं, कारखान्यांच्या धुरातल्या कणांनी ऊन अडतं हा त्यामागचा विचार होता. पण तेव्हाही तापमानवाढ सांगणारे पेपर जास्त होते. आणि क्लाउझर यांचं नोबेल क्वांटम एंटँगलमेंटसाठी आहे, हवामानावर त्यांचं काम नाही. हृदयाच्या दुखण्याला आपण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जात नाही ना, तो कितीही मोठा असला तरी.

दिवाळे_गाव
मी कोळी. तुम्ही लोक हवेवर भांडताय, आमच्या खाडीचं बघा. माझ्या आज्याला इथे जिताडा मिळायचा, चिंबोऱ्या तर पोरं हाताने काढायची. आता जाळं ओढलं की निम्मं प्लास्टिक. हे काय पृथ्वी तापून झालं? केमिकल सोडलं, भराव टाकला, पूल बांधले, खाडी गाळाने भरली. मला कोणी येऊन म्हणतो मासे क्लायमेटमुळे गेले तर मी त्याला होडीत बसवून नाल्याच्या तोंडाशी नेतो. पावसाळा पुढे-मागे होतोय, वादळाचे इशारे वाढलेत आणि होड्या बांधून ठेवायला लागतात, ते मी मानतो. पण आमचा पहिला गुन्हेगार ओळखीचा आहे, त्याला सोडून आभाळाकडे बोट दाखवायचं नाही.

मानपाडा_चितळसर
+१ दादा. हेच म्हणत होतो मी.

सीवूड्स_सिव्हिल
मी धारण तलावांच्या कामावर होतो म्हणून लिहितो, कारण इथे लोक दोन्हीतलं एक निवडताय आणि प्रत्यक्षात तसं नाहीये. नवी मुंबईचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून पावसाचं पाणी आधी धारण तलावात येतं, खाडीकडच्या तोंडाला फ्लॅप गेट असतं. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप बंद, ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून बाहेर. ना वीज ना माणूस, फार हुशार योजना आहे. आता यात दोन गोष्टी झाल्या. एक, तलाव गाळाने भरले, गाळात खारफुटी उगवली आणि खारफुटीला हात लावायचा तर कोर्टाची परवानगी लागते, म्हणजे पाणी साठवायची जागा घटली. ही पूर्ण आपली इथली चूक. दोन, जगभरात समुद्र १९०१ पासून साधारण २० सेंटीमीटर वर आलाय आणि वेग वाढतोय, २००६ नंतर वर्षाला ३.७ मिलिमीटरच्या आसपास होता. समुद्र जेवढा वर, तेवढा वेळ ती झडप बंद आणि पाणी बाहेर पडायला ओहोटीचा वेळ कमी. उद्या गाळ पूर्ण काढला तरी हे दुसरं राहणारच. मानपाड्याचे साहेब म्हणतात की हवामान बदलाचं नाव सांगून लोक निसटतात, ते खरंय. पण निसर्गचक्र म्हटलं तर अजूनच निसटतील, कारण मग पुढच्या पन्नास वर्षांची भरती धरून गेटची डिझाइन बदला हे कोणाला सांगायचं?

कळवा_नाका
सगळं मान्य केलं तरी अमेरिकावाल्यांनी दोनशे वर्षं कोळसा जाळून घरं भरली आणि आता आम्हाला सांगतात एसी लावू नका, हे मी का ऐकू? आमचा माणूस वर्षाला २ टन सोडतो, त्यांचा १४ च्या आसपास. आम्ही आता कुठे दोन घास सुखाचे खातोय.

कोपरी_पूर्व
भाऊ, नेमकं याचसाठी मी त्या मेसेजवर चिडलोय. आजवर माणसाने जेवढा कार्बन जाळलाय त्यातला जवळपास पाव हिस्सा एकट्या अमेरिकेचा, आपला तीन-चार टक्के. १९९२ ला रिओमध्ये जो करार झाला त्यात जबाबदारी सगळ्यांची पण सारखी नाही हे तत्त्व लिहिलंय, आणि तेव्हापासून भारत प्रत्येक बैठकीत त्याच पायावर उभा राहून पैसे आणि तंत्रज्ञान मागतोय. तो पाया काय आहे? की हे माणसाने केलंय, आणि कोणी किती केलंय हे मोजता येतं. आपणच निसर्गचक्र म्हणालो तर त्यांच्याकडे मागायला तोंड राहील का? तो मेसेज देशप्रेमाच्या नावाने फिरतोय आणि आपल्याच वकिलाच्या हातातली फाइल फाडतोय.

दिवाळे_गाव
हे पटलं. पण मग खाडीत केमिकल सोडलं त्याचा हिशोब पण याच पद्धतीने मागा, फक्त अमेरिकेचा नको.

सीवूड्स_सिव्हिल
मागायलाच हवा. तोही मोजता येतो.

ऐरोली_निवृत्त
मॅडम, विरजणाचं उदाहरण मला चालणार नाही, विरजणातले जिवाणू वाढतात, वायू वाढत नाही. कार्बन-१४ चा मुद्दा मात्र वजनदार आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण कार्बन आपला आहे हे सिद्ध झालं म्हणजे तापमान त्यानेच वाढलं हे सिद्ध होत नाही. सूर्याचा प्रभाव आपण अजून नीट समजलेलो नाही असं माझं मत आहे.

खारेगाव_मॅडम
काका, मग एक विचारते. काय दिसलं तर तुम्ही मत बदलाल?

ऐरोली_निवृत्त
सरळ आहे. सूर्य मंदावला असताना दहाएक वर्षं तापमान वाढत राहिलं, तर विचार करीन.

खारेगाव_मॅडम
ते होऊन गेलंय. २००८ च्या अखेरीपासून २०१९ च्या अखेरीपर्यंतचं सौरचक्र, म्हणजे सूर्याच्या चढउताराचं एक आवर्तन, क्रमांक २४, साधारण शंभर वर्षांतलं सगळ्यात क्षीण होतं. आणि २०१५ ते २०१९ ही तोपर्यंतच्या नोंदीतली सगळ्यात उष्ण पाच वर्षं.

ऐरोली_निवृत्त
सूर्याचा जोर सूर्यडागांवरून कळतो, त्यांचे आकडे ब्रुसेल्सच्या वेधशाळेकडे मिळतात, ते मी स्वतः काढणार आणि तापमानाच्या आलेखावर ठेवून बघणार. कोणी सांगितलं म्हणून मी मान्य करणार नाही आणि तुम्हीही माझं तसं करू नका. आलेख झाला की इथेच टाकतो.