ऑटिझम असलेल्या मुलाच्या व्हिटॅमिन टेस्ट आणि सप्लिमेंट, नक्की काय करावं?

अद्वू_ची_आई:
नमस्कार मंडळी, मुलगा साडेचार वर्षांचा आहे, ऑटिझमचं निदान झालंय, स्पीच आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) चालू आहे. खाणं म्हणजे दहीभात, बिस्किटं आणि बटाट्याच्या काचऱ्या, बस्स. भातात कोथिंबिरीचं पान जरी दिसलं तरी ताट ढकलून देतो. आम्ही शाकाहारी. आता एका सेंटरवाल्यांनी सांगितलंय की केसांची मिनरल टेस्ट करा, रक्ताचं मोठं पॅनल करा, मग त्याप्रमाणे बी-६, मॅग्नेशियम, झिंक वगैरेचं सहा महिन्यांचं पॅकेज देऊ, आणि दूध नि गहू आजपासून बंद. खर्च खूप आहे. सासूबाई म्हणतात पोराच्या बाबतीत पैशाकडे बघू नका, नवरा म्हणतो आधी आपल्या डॉक्टरांना विचार. हल्ली भिंतीचे पोपडे पण खरवडून खातो, त्याचाही याच्याशी संबंध असेल का? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

चिपळूणचा_बाबा:
ताई, पॅकेजचं राहू दे बाजूला, ते पोपडे आधी बघा. आमची लेक खडू खायची, रात्रभर पाय झाडत राहायची, आम्हाला वाटायचं ऑटिझममध्ये असंच असतं. डॉक्टरांनी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) करायला सांगितलं तर फेरिटिन ६ आलं, म्हणजे फारच कमी. आयर्नचं सिरप सुरू केल्यावर खडू सुटला, झोपही बरीच सुधारली. बोलणं मात्र त्याने आलं नाही, ते स्पीच थेरपीनेच हळूहळू येतंय, हे मुद्दाम सांगतोय. सिरप दुधाबरोबर देऊ नका, थोडं लिंबू सरबत चालतं. आम्ही सिरिंजने गालाच्या आत सोडायचो म्हणजे दात काळे होत नाहीत. शी काळी होते, घाबरू नका. आणि बाटली कपाटात कुलपात ठेवा, लहान मुलाने आयर्न जास्त प्यायलं तर जिवावर बेततं.

पोषण_ताई:
मी बालरोग ओपीडीत आहारतज्ज्ञ आहे. अशा खाण्याच्या मुलात सीबीसी, फेरिटिन, बी-१२, व्हिटॅमिन डी, थायरॉइड एवढ्यात बहुतेक काम भागतं. सर्दी-तापात फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, तेव्हा बरा असताना करा. पोपडे खातोय म्हणजे जुन्या रंगातलं शिसं पोटात जात असेल, तर ब्लड लेडचंही डॉक्टरांना विचारा. केसांच्या टेस्टवर उपचार ठरवू नये, तेल, शाम्पू, पाण्यानेही आकडे बदलतात. बी-६ आणि मॅग्नेशियमच्या जोडीचे अभ्यास कॉक्रेन या संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने तपासलेत, शिफारस करावी इतका पुरावा त्यांना मिळाला नाही, उलट बी-६ मोठ्या डोसमध्ये बरेच महिने दिलं तर नसांना इजा होते. डीचं म्हणाल तर इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या हिशोबात २० (नॅनोग्रॅम प्रति मिली) च्या वर पुरेसं, लॅबच्या कागदावर मात्र बऱ्याचदा ३० च्या खाली 'कमी' छापून येतं आणि आईबाप ६०,००० युनिटचं पाकीट दर आठवड्याला चालू ठेवतात, वरून गमीज, वरून टॉनिक, सगळ्यात डी! कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता होते, किडनीला त्रास होतो.

दूध-दही तर अजिबात बंद करू नका हो. शाकाहारी घरात बी-१२ त्यातूनच येतं आणि तुमचा मुलगा खातोयच किती. आईला बी-१२ कमी असेल तर अंगावर पिणारं बाळ शिकलेलं विसरतं, हसणं बंद होतं, हात थरथरतात, त्याला इन्फंटाइल ट्रेमर सिंड्रोम म्हणतात, तिथे बी-१२ ने खरंच मोठा फरक पडतो. पण कमतरता नसताना इंजेक्शनं देऊन ऑटिझम जात नाही. आणि ताजं फळ, भाजी काहीच पोटात जात नसेल तर व्हिटॅमिन सी कडेही लक्ष द्या. अशा मुलांना स्कर्व्ही (सी च्या कमतरतेचा आजार) झाल्याच्या नोंदी आहेत, पाय दुखून मूल चालायचं थांबतं आणि सगळे म्हणतात हट्ट करतोय.

गोदाकाठ:
सेंटरवाले उद्या 'शरीरातलं शिसं काढायचं' म्हणून चिलेशनच्या सलाइनवर आले तर सरळ उठून या. २००५ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात ऑटिझम असलेला ५ वर्षांचा मुलगा त्यात गेलाय. खर्चाचं म्हणाल तर जिल्हा रुग्णालयाच्या डीईआयसीत (मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर बघणारं केंद्र) चौकशी करा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी फुकट होते.

अद्वू_ची_आई:
खूप आभार सगळ्यांचे. पोषण ताई, रक्त उपाशीपोटी द्यायचं का? तो सुईला फार घाबरतो, चौघांनी धरावं लागतं. आणि मल्टिव्हिटॅमिन गमी चालू आहे.

पोषण_ताई:
या टेस्टना उपाशी ठेवायची गरज नाही, खाऊनपिऊन न्या. गमीत बायोटिन (एक बी व्हिटॅमिन) असेल तर थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो, आधी दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि लॅबला सांगा. बी-१२ टेस्टच्या आधी सुरू करू नका, नंतर आकड्याला अर्थ उरत नाही. डॉक्टरांकडून बधिर करायचं क्रीम लिहून घ्या, तासभर आधी लावायचं, आणि सगळ्या टेस्ट एकाच टोचण्यात करायला सांगा. सकाळी लॅब उघडल्या उघडल्या गेलात तर गर्दी नसते. रिपोर्ट आले की इथे टाकण्याआधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा, डोस वजनावर ठरतो.