मदत हवी आहे: 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' कार्ड गेममध्ये एकेक पान जोखायचं कसं?

रानवारा:
२०११ चा मूळ कोअर सेट, एकच पेटी, खेळणारा एकटाच. हिरो ॲरागॉर्न (१२), थिओड्रेड (८) आणि एओविन (९), म्हणजे सुरुवातीचा थ्रेट (धोक्याचा आकडा, तो वाढला की शत्रू अंगावर येतात) २९. डेक लीडरशिप आणि स्पिरिट या दोन गटांतल्या पानांचा. 'पॅसेज थ्रू मर्कवुड' ही मोहीम निघते, पण 'जर्नी अलाँग द अँड्युइन'मध्ये हिल ट्रोल हा शत्रू अंगावर आला की डाव आटोपतो. ५३ पानं झाली आहेत, ५० वर आणायची आहेत. ब्रॉक आयर्नफिस्ट, नॉर्दर्न ट्रॅकर, स्नोबॉर्न स्काउट, गॅलाड्रिम्स ग्रीटिंग, फरामिर, स्टुअर्ड ऑफ गोंडोरची दुसरी प्रत: यातलं काय काढू? वाचताना प्रत्येक पान चांगलंच वाटतं. ठरवायची काही पद्धत आहे का?

पिंपळपान:
पानावर काय लिहिलंय ते नंतर बघा. आधी बघा की ते तुमच्या हिरोंच्या जिवावर कितव्या फेरीत उतरतं.

ब्रॉक लगेच काढा. किंमत ६, आणि फुकट उतरतो तो फक्त तुमचा ड्वार्फ हिरो खेळातून गेल्यावर. तुमच्याकडे ड्वार्फ हिरोच नाही.

ट्रॅकरला ४ स्पिरिट (स्पिरिटच्या हिरोकडचे रिसोर्स, म्हणजे पानं उतरवायचं चलन) लागतात आणि स्पिरिटचा हिरो एकटी एओविन. पहिल्या फेरीत तिचा १, थिओड्रेड क्वेस्टला (मोहिमेच्या कामगिरीवर) गेला की त्याच्याकडून आणखी १. दुसऱ्या फेरीत तसंच. क्वेस्टनंतर ४ जमतात खरे, पण किंमत देऊन अलाय (हिरोंचा साथीदार) फक्त प्लॅनिंगमध्ये (क्वेस्टच्या आधीच्या टप्प्यात) उतरतो. म्हणजे ट्रॅकर येणार तिसऱ्या फेरीत. तेव्हा हाताशी ५ असतात आणि उरलेला १ 'अ टेस्ट ऑफ विल' या पानासाठी राखता येतो. हे जमण्यासारखं आहे, मात्र तोवर स्पिरिटचं दुसरं काहीच उतरत नाही. शिवाय ट्रॅकर स्टेजिंगमधल्या (अजून न भिडलेले शत्रू आणि ठिकाणं असतात त्या जागेतल्या) प्रत्येक लोकेशनवर १ प्रोग्रेस टाकतो. चौघांच्या डावात तिथे तीन-चार लोकेशन साचतात, एकट्याच्या डावात बहुधा एक. दोनपैकी एक ट्रॅकर काढा.

स्टुअर्डच्या दोन्ही प्रती ठेवा. किंमत २, त्याच प्लॅनिंगमध्ये एक्झॉस्ट करून (आडवं करून, म्हणजे त्या फेरीपुरतं वापरून) २ परत मिळतात आणि पुढे दर फेरीला २ जास्त. युनिक आहे (एका वेळी एकच खेळात राहू शकतं), त्यामुळे दुसरी प्रत हातात पडून राहील ही भीती बरोबर आहे. पण ५० पानांत एकच प्रत असेल तर सुरुवातीच्या सहा पानांत ती येण्याची शक्यता १२ टक्के, दोन असतील तर २३. मुलिगन (सुरुवातीचा हात एकदा बदलून घेणं) धरून अनुक्रमे २३ आणि ४०. एवढ्या फरकासाठी एक पान वाया गेलं तरी चालेल. स्टुअर्ड ॲरागॉर्नवरच लावा. पुढे 'सेलेब्रियनचा खडा' हे पान आलं की त्याला स्पिरिटचं चिन्ह मिळतं आणि तेच रिसोर्स दोन्हीकडे चालतात.

टिपूर:
ब्रॉक आणि एक ट्रॅकर यावर सहमत. तिसरं पान म्हणून मी एक ग्रीटिंग काढेन. ३ स्पिरिट देऊन थ्रेट ६ ने उतरतो. स्नीक अटॅकने (अलायला हातातून एका फेजपुरतं, म्हणजे फेरीतल्या एका टप्प्यापुरतं उतरवणारं पान) गँडाल्फ आणला तर १ लीडरशिपमध्ये ५ ने उतरतो, शिवाय क्वेस्टला कोण जाणार ते कमिट करण्याआधी आणला तर ४ विलपॉवर (क्वेस्टची ताकद) मिळते आणि फेज संपल्यावर गँडाल्फ हातात परत येतो.

पिंपळपान:
इथे मात्र माझं मत वेगळं आहे. दोन पानं एकत्र लागतात तेव्हा दोन्ही हातात असण्याची शक्यता धरून किंमत लावायला हवी. स्नीक अटॅक २ आणि गँडाल्फ ३ धरले, तर दुसऱ्या फेरीपर्यंत (८ पानं) दोन्ही येण्याची शक्यता जेमतेम ११ टक्के आहे.

आता ट्रोलचं गणित बघा. त्याची एंगेजमेंट ३० (थ्रेट तेवढा झाला की तो अंगावर येतो), तुमचा थ्रेट २९. पहिल्या फेरीत तो स्टेजिंगमध्येच राहतो (क्वेस्ट फसली तर नाही, थ्रेट तिथेच वाढतो), दुसऱ्या फेरीत अंगावर येतो. ग्रीटिंगला लागणारे ३ स्पिरिट नेमके दुसऱ्या फेरीत जमतात. ते एन्काउंटर फेजच्या (शत्रू अंगावर येण्याच्या टप्प्याच्या) आधी टाकलं की ३० चे २४ होतात आणि मध्ये थ्रेट वाढला नाही तर ट्रोल आठव्या फेरीपर्यंत येत नाही. तोवर १४ पानं बघून होतात आणि तीच जोडी येण्याची शक्यता ३० टक्क्यांवर जाते. ती जोडी थ्रेट उतरवण्यात खर्चू नका, ट्रोलसाठी ठेवा.

रानवारा:
ट्रोलसमोर स्काउट उभा केला तर पुरत नाही का? एका रिसोर्सचा अलाय, मेला तर मेला.

पिंपळपान:
बाकी शत्रूंसमोर पुरतो, कारण जादा डॅमेज वाया जातं. ट्रोलचं जादा डॅमेज मात्र थ्रेटमध्ये जमा होतं. हल्ला ६, स्काउटचा बचाव १, डॅमेज ५, जीव १. म्हणजे थ्रेट ४ ने वर. दोनदा केलंत की ग्रीटिंगने कमावलेलं सगळं गेलं.

म्हणून हे एकदाच करायचं, आणि त्याच फेरीत ट्रोल मारायचा. त्याचा बचाव ३, जीव ९. थिओड्रेडला त्या फेरीत क्वेस्टला पाठवू नका. ॲरागॉर्नला पाठवलंत तर १ रिसोर्स देऊन लगेच रेडी (पुन्हा वापरण्याजोगा) करा आणि स्नीक अटॅकसाठी आणखी १ लीडरशिप बाजूला ठेवा. कॉम्बॅटमध्ये स्काउटने बचाव केला की स्नीक अटॅक, गँडाल्फ, ट्रोलला थेट ४ डॅमेज. मग हल्ला: गँडाल्फ ४, ॲरागॉर्न ३, थिओड्रेड २. एकूण ९, त्यातून ३ वजा, ६. आधीचे ४ धरून १०. थिओड्रेड क्वेस्टला गेला असेल तर हेच ८ वर येतं आणि ट्रोल एका जिवावर उभा राहतो.

नेहमी होणारी चूक: स्नीक अटॅक प्लॅनिंगमध्येच टाकला जातो. गँडाल्फ त्याच फेजच्या शेवटी हातात परत, ट्रोलसमोर कोणीच नाही.

टिपूर:
हे गणित पटलं. मग दोन्ही ग्रीटिंग राहू देत, तिसरं पान म्हणून तीनपैकी एक स्काउट काढा.

रानवारा:
ठीक, ब्रॉक, एक ट्रॅकर, एक स्काउट. फरामिरचं काय? ४ लीडरशिप जड वाटतात.

टिपूर:
ठेवा. तो स्वतः गेला तर २ विलपॉवर, एक्झॉस्ट केला तर तुमच्या प्रत्येकाला १. म्हणजे तिघे क्वेस्टवर असले की त्याला मागे ठेवणं फायद्याचं. आणि कमिट करताना लगेच वापरू नका. एन्काउंटरचं पान उघडल्यानंतर, क्वेस्टचा निकाल लावायच्या आधी वापरता येतो. गरज पडली नाही तर तो रेडीच राहतो आणि कॉम्बॅटमध्ये २ बचाव, ३ जीव घेऊन उभा राहतो.