२६/११ वर्गात शिकवताना काय वाचायला द्यावं?
वर सरांनी विचारलंय, नववीच्या लेकरांना २६/११ चं काय वाचायला द्यावं, धड्यात तर चार ओळीच हायेत. मी परभणीकडं शिकवते, आधी तुकाराम ओंबळेंवरचा पेपरातला लेख देते, गिरगाव चौपाटीला हातात फक्त लाठी अन् समोर एके-४७, गोळ्या लागल्या तरी कसाबची बंदूक सोडली नाही. आमची लेकरं देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईत सीएसटीलाच उतरतात, त्यामुळं तिथल्या हल्ल्याचं वाचताना वर्ग एकदम गप. एका पोरीनं मेलेल्यांच्या १६६ ह्या आकड्याखाली पेन्सिलनं रेघ मारून विचारलं, मॅडम ह्या सगळ्यांची नावं कुठंयत? रक्ताचे फोटो अजिबात दाखवू नका. अन् खटल्याचं नक्की वाचून घ्या सर, कसाबलाही वकील दिला, केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, मग २०१२ ला फाशी, हे लेकरांना माहीतच नसतंय.